संकष्टीची पायी वारी : रत्नागिरी ते गणपतीपुळे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आम्ही संकष्टीला चालत जातो आणि पहाटे साडेचारला निघतो. ही वेळ समुद्राने ठरवून दिली आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीचे ४, पाऊणपट ३. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला भरती, आणि मधली ओहोटी सकाळी नवाच्या आगेमागे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. संकष्टी कुठल्याही महिन्यातली असो, तिथी तीच, म्हणून ओहोटीही त्याच सुमाराला. वर्षाच्या बाराही वाऱ्यांचं वेळापत्रक एकदाच मांडलं की झालं.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. संकष्टी चंद्रोदयाच्या वेळच्या चतुर्थीवरून धरतात, त्यामुळे सकाळी पंचांगात अजून तृतीयाच चालू असू शकते. तशी असेल तर ओहोटी पाऊण तास आधी.

आरे-वारे मार्गे अंतर साधारण २५ किलोमीटर. शिरगाव, साखरतरचा पूल, कासारवेली, बसणी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असा रस्ता. आरे जवळजवळ अर्ध्यावर येतं. थांबत-थांबत चाललं तरी आठपर्यंत तिथे पोचतो आणि समोर ओहोटीची रुंद पुळण मोकळी असते. साडेसहाला निघणारी मंडळी आऱ्याला दहानंतर येतात. तोवर पाणी परत चढायला लागलेलं असतं, वाळू तापत असते आणि पुढची चढण भर उन्हात पडते.

पुळणीवर चालायची जागा ठरलेली आहे. वरची कोरडी वाळू पाय ओढते, पोटऱ्या भरून येतात. पाण्याच्या अगदी कडेला पाऊल रुततं. मधला ओलसर, घट्ट पट्टा धरायचा. तोही समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो आणि कंबर एका बाजूने दुखते. ओहोटीच्या वेळी खालचा भाग जास्त सपाट मिळतो, म्हणूनही नऊची वेळ सोन्यासारखी. खाडीच्या मुखाशी पाणी गुडघाभर दिसलं तरी उतरायचं नाही. तिथली वाळू खालून सरकते आणि ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढतं. पूल आहे, पुलावरूनच जावं.

पाय बिघडतात ते बहुतेक इथेच. पुळणीवर अनवाणी चालून वाळू लागलेल्याच पायांवर मोजे चढवले की पुढच्या तीन-चार किलोमीटरात फोड हमखास. सुरूच्या सावलीत दहा मिनिटं बसायचं, बाटलीतल्या गोड्या पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पंचाने पुसायच्या, टाच आणि करंगळीला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायचं आणि दुसरे कोरडे मोजे घालायचे. खाऱ्या हवेत घामाने मांड्याही काचतात, तिथे घरून निघतानाच व्हॅसलीन लावलेलं बरं. काचल्यावर लावून फारसा उपयोग होत नाही.

उपासाचं नीट समजून घ्यायला हवं. आपल्या दमट हवेत घाम येतो, पण लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम आणखी येत राहतो. नुसतं पाणी पीत राहिलं तर शेवटच्या टप्प्यात पोटरीत पेटके येतात. आम्ही लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे कोकमाचं आगळ आणि थोडा गूळ घालतो. आगळ मिठाचं असतं. उपासाला ते मीठ चालत नसेल त्यांनी कोकमं भिजवून त्या पाण्यात अर्धा छोटा चमचा सैंधव घालावं. तासाला साधारण अर्धा लिटर, घोटघोट. सोबत राजगिऱ्याचे लाडू, केळी, भाजलेले शेंगदाणे. साबुदाण्याची खिचडी निघताना पोटभर खाऊ नये, चढणीवर जड पडते. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच उपास आणि चाल एकत्र करावी.

जून ते सप्टेंबर पुळण पूर्ण वर्ज्य. ओहोटी असली तरी लाटा कधी उंच येतील नेम नसतो, शिवाय पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि किनारा अरुंद होतो. तेव्हा रस्त्यानेच, उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. वाऱ्यात छत्री उलटते, पोंचो बरा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे पूर्ण तळवा टेकवून उतरायचं. अंगारकीला गाड्यांची रांग लागते, त्या दिवशी अंधारात चालताना पाठीवर चमकणारी पट्टी हवीच.

बाराच्या सुमाराला देऊळ. इथे डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा सगळ्या टेकडीला, साधारण एक किलोमीटरची. दर्शन दुपारी घ्यावं, प्रदक्षिणा उन्हं उतरल्यावर. चालून मऊ पडलेले तळवे तापलेल्या फरशीवर लगेच भाजतात. दुपारी पाय शेकायला समुद्रात जावंसं फार वाटतं, पण साडेतीनला पूर्ण भरती असते आणि हा किनारा पोहायला धोक्याचा आहे. घोट्याच्या वर पाणी नको.

हाच पाऊणपटीचा हिशोब हरिहरेश्वरालाही लावावा. तिथली प्रदक्षिणा पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या खडकावर उतरते. महाशिवरात्रीला चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला भरती, तीही अमावास्येजवळची उधाणाची. तिथे ओहोटी साडेचारच्या सुमाराला, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर तेव्हाही उतरू नये.

पुळ्याला उपास सुटतो चंद्र दिसल्यावर. देऊळ टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी आणि चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणून पंचांगातल्या वेळेनंतरही देवळापाशी तो बराच वेळ दिसत नाही. दिसायचा असेल तर टेकडीपासून लांब, समुद्राकडे सरकावं लागतं. साडेनऊच्या सुमाराला पुन्हा ओहोटी असते आणि मागे सरकायला पुळण मोकळी झालेली असते.