वेळासच्या वाळूतला तास

बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास गाठायचं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण मार्चमध्ये येणाऱ्या गर्दीला त्याचं काही देणंघेणं नसतं. सगळे कासवांसाठी आलेले. मला मात्र कासवांपेक्षा ती मुलांना दाखवणारी माणसं बघायची होती. निदान घरी तसं सांगून निघाले होते.

2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेला सागरी गरुडांची पाहणी करताना या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि काम सुरू झालं. तोवर अंडी माणसंही न्यायची आणि कुत्री-कोल्हीही. आता गावातलेच कासवमित्र रात्री किनारा पालथा घालतात. सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत, मादीने खणला होता तसाच मडक्यासारखा खड्डा करून त्यात ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. पिल्लं बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात.

सकाळी एका शाळेची मुलं दोरीच्या अलीकडे बसली होती. पहिली टोपली उचलली, काही नाही. दुसरी, तिसरी, तिथेही नुसती वाळू. मागे एका गृहस्थांचं "एवढ्या लांब येऊन..." सुरू झालं. कासवमित्र काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"आतलं पिल्लू नर की मादी, कोण ठरवतं?" त्यांनी मुलांना विचारलं.

एकाने देव सांगितला, एकीने डॉक्टर. "वाळू," काका म्हणाले. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, जरा गार राहिली तर नर. पुढे काही बोलायच्या आत सगळे हात वाळूत. एक मुलगा पालथा पडून कोपरापर्यंत हात घालून ओरडला, "बाई, वर गार आणि खाली गरम आहे!" बाईंनीही बाह्या सरसावून हात घातला. मग अंडी एवढी खोल का, रात्री ती थंड का पडत नाहीत, यावर पोरांची जी जुंपली ती अर्धा तास. टोपली रिकामी निघाल्याचं कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

शास्त्रीय नावांची माळ जपणारे निसर्ग-शिबिरवाले मी पुष्कळ पाहिलेत. मुलं दुसऱ्या नावालाच जांभया देतात. काकांनी अख्ख्या सकाळी एकही लॅटिन शब्द उच्चारला नाही.

संध्याकाळी एका टोपलीखाली काळसर पिल्लांची वळवळ दिसली. ती थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर ठेवून चालू देतात. काकांनी आधी पुढची वाळू फळीने सपाट करून घेतली, कारण माणसाच्या पावलाचा ठसा म्हणजे एवढ्याशा जिवाला खड्डाच. तरी एक पिल्लू उलटं झालं. मुलं कासावीस. "हात नाही लावायचा," बाई म्हणाल्या आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. पिल्लाने मान ताणली, पर मारले आणि कसंबसं सुलटं झालं. असा जल्लोष मी क्रिकेटच्या मैदानावरही ऐकलेला नाही.

"यांची आई कुठे आहे?" एका मुलीने विचारलं.

"अंडी घातली त्याच रात्री समुद्रात गेली. ती यांना बघत नाही कधी."

"वाईट आहे."

काकांनी समजूत घातली नाही. यातली फारच थोडी मोठी होतात, हेही सांगून टाकलं. "मग यातली कुठली?" तिने विचारलं.

"ते ठाऊक असतं तर एवढ्या रात्री कशाला जागलो असतो!"

मुलांना घेऊन जाणार असाल तर दोन रात्री मुक्काम ठेवा, पिल्लं आपल्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत. फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्र सोडून तुमच्याकडे वळतील. आमच्या इथे एका बाबांचा फ्लॅश उडालाच. त्यांना दटावलं ते त्यांच्याच मुलाने, चारचौघांत.