व्हॅनचा इन्व्हर्टर: केबल आली, वाट ठरली

मंडळी, व्हॅनचं सुतारकाम थांबवून वायरिंगला हात घातलाय. बॅटरी १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट, ड्रायव्हरमागच्या बाकाखाली. इन्व्हर्टर १००० वॅटचा, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखीच २३० व्होल्टची वीज देणारा. मिक्सर, लॅपटॉप, चार्जर एवढं चाललं की झालं. स्वयंपाक गॅसवरच, इंडक्शनच्या नादाला लागलो नाही.

ओटा मागच्या दाराशी आहे, त्यामुळं इन्व्हर्टरही ओट्याखालीच बसवा असं ज्यानं त्यानं सुचवलं. पण जरा आकडे मांडा. पूर्ण लोडवर, बॅटरी ११ व्होल्टवर आलेली असताना आणि इन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम धरला तर साधारण १०० अँपिअर ओढले जातात. ओट्यापर्यंत जायला चार आणि यायला चार, अशी आठ मीटर वायर. १६ स्क्वेअर एमएमचं तांबं घातलं तरी पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो, म्हणजे ८५-९० वॅट नुसती वायर तापवायला. मिक्सर सुरू होताना घेतो तो झटका वेगळाच, तेवढ्यात इन्व्हर्टर लो-व्होल्टेज म्हणून बोंबलणार.

म्हणून इन्व्हर्टर बॅटरीला खेटून, एकेरी जेमतेम मीटरभर अंतरावर. वायर ३५ स्क्वेअर एमएमची, तूट दशांश व्होल्टच्या आसपास. लांब पल्ला २३० व्होल्टच्या बाजूला दिला. तिथं हेच १००० वॅट साडेचार अँपिअरच्या आत बसतात, २.५ स्क्वेअर एमएमची तीन-कोर लवचिक वायर भरपूर झाली.

केबल कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणली. फाउंड्र्या आणि फॅब्रिकेशनवाल्यांचं गाव असल्यानं वेल्डिंगची केबल इथं मीटरवर मिळते. बारीक तारांची, वाकवू तशी वाकणारी. घेताना टोक कापून बघाच. ॲल्युमिनियमचीही असते, शिवाय वरून तांब्याचा मुलामा दिलेलीही. तार ब्लेडनं खरवडली की आत पांढरी निघते.

केबलच्या टोकांना लग (बोल्टनं जोडायची धातूची टोकं) दाबायला दिले तर मिस्त्री म्हणाले, "एवढ्या जाड वायरवर काय वेल्डिंग करताय पावणं?" मिक्सर म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट वरखाली बघितलं. काम मात्र झकास: कलई केलेले तांब्याचे लग, हायड्रॉलिक प्रेसवर षट्कोनी दाबलेले, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आकसून बसणारी नळी. गगनबावड्याच्या पावसात गाडी उभी करायची तर तांबं उघडं ठेवून चालणार नाही.

फ्यूज १२५ अँपिअरचा, क्लास टी, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि स्वस्तातल्या फ्यूजला तो ठिणगीचा झोत तोडता येत नाही. निगेटिव्हही चॅसीवरून न आणता त्याच जाडीच्या केबलनं आणलं, प्लसच्या शेजारून.

२३० ची वायर छताकडेनं पन्हळी पाइपातून नेली. खालून नेली असती तर सायलेन्सर आणि डिझेलची नळी दोन्ही टाळत बसावं लागलं असतं. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट आहे, थोड्या थोड्या अंतरावर क्लिप आहे.

आता राहिलं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडं गळली की पुरवठा तोडणारं स्विच. माझ्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता आहे, म्हणजे अर्थला जोडलेला नाही. न्यूट्रल-अर्थ जोड असल्याशिवाय आरसीसीबी नुसतं शोभेला. काही इन्व्हर्टरना बाहेरून असा जोड दिला की ते जळतात, त्यामुळं कंपनीकडून होकार आल्यावरच ते काम. तोवर ओट्याजवळचा सॉकेट बंद. बॅटरीशेजारी थेट इन्व्हर्टरवर लोड टाकून अर्ध्या तासानं प्रत्येक लगचं तापमान घेणार आहे. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला, तर तो कापून पुन्हा मिस्त्रींकडं.