छपरावरचे तीन कैदी

सांगलीत तुरुंग फोडण्याचा विषय निघाला की बोलणे १९४३ सालच्या जुलै महिन्यावर जाते. वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी येथील तुरुंगातून निसटले, त्यात दोघांनी प्राण गमावले, आणि तेव्हापासून पळालेला कैदी म्हटले की आमच्या गावच्या जुन्या माणसांचा आवाज आपोआप गंभीर होतो. त्यामुळे गेल्या रविवारी मामांना ‘वी आर नो एंजल्स’ दाखवायला बसवले, तेव्हा हा कैद्यांवरचा विनोदी चित्रपट आहे हे सांगायचे मी शहाणपणाने टाळले.

मायकल कर्टिझ यांनी हा चित्रपट १९५५ साली काढला. काळ १८९५ चा, नाताळचा. स्थळ फ्रेंच गयाना, म्हणजे फ्रेंचांचे काळे पाणीच म्हणायचे. तीन कैदी पळतात आणि एका दुकानाचे गळके छप्पर दुरुस्त करून देतो, असे सांगून वर चढतात. बेत असा की रात्री दुकान लुटायचे आणि जहाज गाठायचे. पण छपराच्या फटीतून खालच्या घरातले सारे दिसते आणि ऐकूही येते: दुकानदाराची ओढाताण, बायकोची काळजी, मुलीचे फसलेले प्रेम, आणि दुकानाचा खरा मालक असलेला पॅरिसचा चुलतभाऊ हिशेब तपासायला येतो आहे, ही बातमी.

मामांनी गणपती पेठेत चाळीस वर्षे किराणा मालाचे दुकान चालवले आहे. हिशेबाच्या वह्या पडद्यावर आल्या तशी त्यांनी पाठ सरळ केली. सगळ्यांना उधार देणारा, वसुलीला जाताना ओशाळणारा आणि गल्ला रिकामा असूनही गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा तो फेलिक्स त्यांना पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचा झाला. हम्फ्री बोगार्टचा जोसेफ हा अस्सल अफरातफरी करणारा. तो एका टकल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात केसांचे ब्रश मारतो आणि नंतर वह्या ‘दुरुस्त’ करायला बसतो. “याला गादीवर बसवला असता तर उधारी दोन महिन्यांत वसूल झाली असती,” मामा म्हणाले. त्या वाक्यात निषेध किती होता, हे मला अजून कळलेले नाही.

मला या चित्रपटाचे मोठे अप्रूप वाटते ते याच कारणाने. आपल्याकडे, आपल्या जिल्ह्यातच आटपाडीजवळ औंध संस्थानने १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत वसवली, ते स्वतंत्रपूर. त्याच प्रयोगावरून स्फुरलेल्या शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ मधले सहा कैदीही पळून परत येतात, पण ते मनातून बदललेले असतात. इथे कोणीही बदलत नाही. जोसेफ खोटे हिशेब लिहिण्याचे सोडत नाही, पीटर उस्तिनोव्हचा ज्यूल्स कुलपे उघडणे सोडत नाही, आणि आल्डो रेचा आल्बर्ट छोट्या पिंजऱ्यात बाळगलेला आडॉल्फ नावाचा विषारी साप सोडत नाही. ज्या गुणांमुळे त्यांना शिक्षा झाली, त्याच गुणांनी ते एका सज्जन कुटुंबाची घडी बसवून देतात. घरातल्यांची डोकी फोडायची, गळे चिरायचे, असे जोसेफ दरडावून सांगतो आणि लगेच जोडतो की आधी भांडी घासून होऊ देत. त्या वेळी हातात खरोखरच भांडी असतात.

तुसडा चुलतभाऊ तो पिंजरा हिसकावून खोलीत घेऊन जातो, तो प्रसंग या विनोदाचा कळस आहे. आत साप आहे हे त्याला सांगायला हवे, यावर तिघांचे एकमत असते. फक्त कोणी जायचे, याची चर्चा इतक्या निवांतपणे चालते की व्हायचे ते होऊन जाते. बेसिल रॅथबोनने हा माणूस इतका थंड रंगवला आहे की आपल्यालाही कोणाला पाठवण्याची घाई वाटत नाही.

मूळ आल्बेर युसाँ यांचे फ्रेंच नाटक असल्यामुळे चित्रपट एका घरात अडकून राहतो, आणि मुलीचे प्रेमप्रकरण आले की मी चहा ठेवायला उठतो. बोगार्टला विनोद जमत नाही असेही काही जण म्हणतात. मला तर त्याच्या कोरड्या चेहऱ्यामुळेच जास्त हसू येते, आणि बाकीची भर उस्तिनोव्ह नुसत्या डोळ्यांनी घालतो.

शेवटी जहाज समोर असताना तिघे विचार करतात की तुरुंगातली माणसे बाहेरच्यांपेक्षा बरी, आणि परत फिरतात. त्यांच्या डोक्यांवर एकेक तेजोवलय उमटते, मग सापाच्या पिंजऱ्यावरही एक. मामांनी चष्मा काढून पुसला. “सापाला मिळाले ते योग्यच,” ते म्हणाले, “पण त्या फेलिक्सची उधारी शेवटी कोण वसूल करणार?”