जिनिव्हा विमानतळ ते शामोनी: आई-बाबा आणि मुलांना घेऊन

फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनी या स्कीच्या गावाला जायचं ठरलं की विमानाची तिकिटं आणि राहायची जागा यांवर महिनाभर खल होतो, आणि विमानतळावरून वर कसं जायचं हे शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मी सांगेन, उलटं करा. वयस्क माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर जिनिव्हा ते शामोनी हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा आधी पक्का करा आणि विमान त्याला जुळेल असं निवडा. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तासाचा हा प्रवास आहे. फेब्रुवारीतल्या शनिवारी त्याचे अडीच-तीन तास सहज होतात, आणि रात्रभर विमानात बसून आलेल्या सत्तरीच्या माणसाला हा फरक फार जाणवतो.

आम्ही फेब्रुवारीतच गेलो. पुण्याहून आम्ही दोघं, मुलं आणि आई-बाबा, तर लंडनहून धाकटा भाऊ आणि त्याची बायको. तिथली शॅले, म्हणजे डोंगरातली लाकडी घरं, सीझनमध्ये बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. सकाळी दहाच्या सुमारास आधीच्या लोकांनी घर सोडायचं आणि चार-पाचच्या सुमारास नव्यांनी शिरायचं. त्यामुळे आल्प्समधली निम्मी गर्दी शनिवारी खाली उतरत असते आणि उरलेली निम्मी वर चढत असते. फ्रान्समध्ये फेब्रुवारी-मार्चमधल्या शाळांच्या सुट्ट्या तीन विभागांत वाटून दिलेल्या असतात, म्हणून ही गर्दी एका आठवड्यात संपत नाही. तारखा ठरवण्याआधी फ्रेंच सरकारची 'बिझों फ्यूते' ही वाहतूक अंदाजाची सेवा जरूर पाहा. प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग दिलेला असतो. काळा दिवस असेल तर शक्यतो रविवारी पोचा, एका रात्रीचं भाडं वाया गेलं तरी चालेल.

आता एक गोष्ट, जी विमानतळावरून वर नेणाऱ्या व्हॅनची वेळ ठरवताना सगळ्यात उपयोगी पडते. तुमची पासपोर्ट तपासणी नेमकी कुठे होणार, ते आधी पाहा. मुंबईहून जिनिव्हाला थेट विमान नाही. आम्ही मुंबई-झुरिक आणि पुढे झुरिक-जिनिव्हा असं केलं. शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमधला, प्रवेश झुरिकला झाला, त्यामुळे जिनिव्हाला उतरल्यावर फक्त सामान घ्यायचं आणि बाहेर पडायचं. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून आलात तरी हेच. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलवरून आलात तर मात्र रांग जिनिव्हाला लागते, आणि शनिवारी सकाळी तीच रांग ब्रिटनहून स्कीसाठी आलेल्या विमानांचीही असते. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर बाहेरच्या नागरिकांची नवी डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यात प्रत्येक माणसामागे वेळ जातो. माझा हिशोब असा: शेंगेनमधून आलात तर विमान टेकल्यावर तासाभराने व्हॅन ठरवा, बाहेरून थेट आलात तर दोन तासांनी. व्हीलचेअर सांगितली असेल तर अजून अर्धा तास धरा. आईसाठी आम्ही ती सांगितली होती. विमानतळाचा माणूस तिला थेट आगमन कक्षापर्यंत घेऊन आला, हे फार बरं झालं.

शामोनीला वर जायचे मुख्य मार्ग चार. शेअर्ड व्हॅन, स्वतःसाठी पूर्ण व्हॅन, बस आणि रेल्वे. (मीटरची टॅक्सीही मिळते, पण ती सगळ्यात महाग, तिचा विचार करूच नका.)

शेअर्ड व्हॅनमध्ये आठ जागा असतात, ती घराच्या दारापर्यंत सोडते आणि पैसे माणशी लागतात. एकटादुकटा किंवा जोडपं असेल तर हीच घ्यावी. पण चार माणसांच्या वर गेलात की पूर्ण व्हॅनचा दर आणि शेअर्डच्या जागांची बेरीज जवळ यायला लागते. आम्ही सहा जण होतो, तिथे प्रश्नच उरला नाही. दोन्ही दर समोरासमोर मांडून बघा. शेअर्डमध्ये इतरांचं विमान येईपर्यंत थांबावं लागतं आणि वाटेत लेझूशला, मग गावात, अशी इतरांची घरं करत जावं लागतं, तेही हिशोबात धरा.

भावाने शेअर्ड व्हॅनच घेतली होती आणि तिथे अडचण आली. लंडनला धावपट्टीवरचं बर्फ काढत होते, विमान दोन तास उशिरा सुटलं. ट्रान्सफर कंपनीचा मेसेज आला की तुमची व्हॅन गेली, पुढच्या व्हॅनमध्ये जागा असेल तर नवीन तिकीट काढा. भावाने शांतपणे बुकिंगच्या अटी उघडून दाखवल्या. विमान उशिरा आल्यास पुढच्या उपलब्ध गाडीत विनाशुल्क जागा देऊ, असं त्यात लिहिलेलं होतं. फोनवर बराच वेळ गेला, पण संध्याकाळच्या व्हॅनमध्ये दोघांना जागा मिळाली. म्हणून बुकिंग करताना हे वाक्य शोधाच, आणि ते नसेल तर ईमेलवर लिहून घ्या. विमानाचा नंबर कंपनीला दिला म्हणजे ती थांबेलच असं नाही. नंबर घेणं वेगळं आणि थांबायची हमी देणं वेगळं.

मुलांच्या सीटबद्दल आपल्याकडचे लोक हमखास गाफील राहतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला वयाप्रमाणे सीट किंवा बूस्टर लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बारा वर्षांपर्यंत किंवा उंची दीडशे सेंटिमीटर होईपर्यंत. जिनिव्हाहून निघालेली व्हॅन दोन्ही देशांतून जाते, त्यामुळे कडक नियम धरून चाला. बुकिंगच्या पानावर 'चाइल्ड सीट' एवढं टिक करून पुरत नाही, मुलाचं वय, वजन आणि उंची लिहा. आमचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये आम्हाला बाजूला उभं करून धाकटीची सीट बसवत होता. पट्टा ओढून, गुडघा सीटवर दाबून त्याने दोनदा हलवून पाहिली, मग तिला बसवल्यावर खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून तो घट्ट केला आणि तिचं जाड जॅकेट काढायला लावलं. जाड जॅकेटवर पट्टा बसला की धक्क्यात तो सैल पडतो, असं त्याने हातवारे करून समजावलं. मला त्या माणसाबद्दल तिथेच विश्वास वाटला.

जिनिव्हाहून निघालं की शहराला वळसा घालून बार्दोनेची सीमा लागते. पुढे फ्रान्सचा 'ए ४०' हायवे, बोनव्हिल, क्लूज, सालांश करत ल फायेपर्यंत. सीमेवर बहुतेक वेळा गाडी थांबवत नाहीत, पण कधी कधी तपासतात, म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, म्हणजे शामोनीसाठी फ्रान्सकडे, उतरणार स्वित्झर्लंडमध्ये असलात तरी. फोनचंही तसंच. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे फक्त युनियनचे देश असलेलं ई-सिम नेमकं विमानतळावर, ड्रायव्हरला शोधायच्या वेळी, चालणार नाही. दोन्ही देशांची नावं वाचून मगच घ्या.

ल फायेच्या पुढे खरा चढ सुरू होतो. एग्राच्या उंच, लांब पुलावरून गाडी वळत वर जाते आणि समोर बोसों हिमनदी लोंबताना दिसते. बाबा तोवर झोपले होते, त्यांना मी मुद्दाम उठवलं. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी क्लूजच्या आधीच घ्यावी, पण घाबरण्यासारखा घाट नाही, रस्ता रुंद आहे. व्हाल तोरांस किंवा तीन्य या दुसऱ्या स्कीच्या गावांना जाणाऱ्यांना याहून कितीतरी जास्त वळणं लागतात, आणि त्यांना जिनिव्हापेक्षा शांबेरीचा विमानतळ जवळ पडतो.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्सच्या ठरवून दिलेल्या डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा बर्फाच्या साखळ्या सक्तीच्या आहेत. ट्रान्सफर कंपन्या हे पाळतात. स्वतः गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. जिनिव्हा विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. फ्रेंच बाजूची गाडी स्वस्त दिसते, पण हिवाळी टायर आहेत का आणि स्विस हायवेचा टोल-स्टिकर लावलेला आहे का, हे दोन्ही विचारावं लागतं. सह्याद्रीतल्या घाटांत कितीही गाडी चालवलेली असली तरी बर्फावरचा ब्रेक वेगळाच लागतो. रात्रभर जागून आलेल्या माणसाने तर स्टिअरिंग हातात घेऊच नये.

तरुण मंडळींसाठी बस उत्तम. विमानतळावरून थेट सुटते, दीड-दोन तासांत गावातल्या शामोनी स्यूद या थांब्याला सोडते आणि सगळ्यात स्वस्त पडते. पुढे घरापर्यंत खोऱ्यातली बस असते. मुक्कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या पाहुण्यांच्या कार्डावर ती फुकट आहे. मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असताना मात्र नको.

रेल्वेने तीनेक तास लागतात. जिनिव्हा शहरातल्या कोर्नाव्हाँ स्टेशनवरून लेमाँ एक्सप्रेसने सँ-जेर्व्हे-ल फायेपर्यंत, तिथून माँ ब्लाँ एक्सप्रेस ही छोटी गाडी. ही लाइन १९०१ मध्ये सुरू झाली. काही ठिकाणी हजार मीटरला नव्वद मीटर इतका चढ आहे आणि तो ती दात्यांच्या रुळाशिवाय चढते. सामान कमी असेल आणि घाई नसेल तर मी हाच प्रवास सुचवेन. आम्ही एके दिवशी नुसती मजा म्हणून तिने पुढच्या आर्जांतिएर गावाला गेलो, तर बाबा स्की करणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा खूश होते. स्वित्झर्लंडमधल्या जर्मॅट या स्कीच्या गावाला जाणाऱ्यांना तर रेल्वेच घ्यावी लागते. तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, व्हॅन फार तर अलीकडच्या टेश गावापर्यंत नेते, पुढे शटल रेल्वे. झुरिक किंवा जिनिव्हा विमानतळाखालूनच गाडी पकडून फिस्पला बदलायची, हे जास्त सरळ.

पत्ता नीट द्या. 'शामोनी' म्हणून जाहिरात असलेलं घर प्रत्यक्षात आर्जांतिएरला असू शकतं, म्हणजे आठेक किलोमीटर पुढे, आणि काही कंपन्या त्याचे जादा पैसे घेतात. त्याहून पुढे व्हालॉर्सीनला घर असेल तर मोंतेची खिंड हिमस्खलनाच्या भीतीने कधी कधी बंद होते, तेव्हा बोगद्यातून जाणारी रेल्वे हाच मार्ग उरतो. घरमालकाला विचारा की व्हॅन दारापर्यंत येते का. आमच्या घराची गल्ली चढाची होती आणि बर्फ नुकतंच पडलं होतं, ड्रायव्हरने खालीच गाडी लावली. शेवटचं शे-दीडशे मीटर त्याने आईचा हात धरून, पावलं आडवी टाकायला सांगत, तिला वर आणलं. तिच्या पायात खाचांच्या तळव्याचे बूट होते म्हणून निभावलं. असे बूट, हातमोजे आणि जॅकेट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको.

खाऊचं सामान नेताना तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला फ्रान्सप्रमाणे स्वित्झर्लंडमध्येही मनाई आहे. मेतकूट, गोडा मसाला, पोहे खुशाल न्या. तूप तिथल्या दुकानातल्या लोण्याचं घरी कढवता येतं, आईने पहिल्याच संध्याकाळी कढवलं.

परतीच्या वेळी शनिवार असेल तर विमानाच्या निदान पाच तास आधी निघा. शेअर्ड कंपन्या पिकअपची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी मेसेजने कळवतात आणि ती तुम्ही मागितलेल्या वेळेपेक्षा बरीच आधीची असू शकते, म्हणून फोन चालू ठेवा. हिवाळ्यात चार्टर विमानांचं चेक-इन टर्मिनल २ मध्ये होतं. तिकिटावर टर्मिनल बघून ते ड्रायव्हरला निघतानाच सांगा, कारण चुकीच्या ठिकाणी उतरलं तर सगळ्या बॅगा घेऊन चालत जावं लागतं.