लेटमार्क लागला तर लागू दे

भाचीला घाटकोपरला नोकरी लागली आणि ती साताऱ्याहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. बहिणीचा फोन आला, "ताई, लोकलचं तेवढं शिकव तिला." आता लोकलचं शिकवायचं म्हणजे काय, तर चढायचं कसं याच्या आधी कशात चढायचं नाही ते.

सकाळी कर्जत, कसारा, बदलापूरकडून येणाऱ्या फास्ट गाड्या डोंबिवलीत येतात तेव्हाच दारापर्यंत भरलेल्या असतात. नव्या माणसाने त्यांच्या नादी लागू नये. डोंबिवलीहून सुटणारी स्लो घ्यावी, वेळ जास्त लागतो, पण श्वास घेता येतो. तीही रिकामी मिळेल अशा भ्रमात राहू नये म्हणा. मुंबईच्या बाजूला असलेल्या कोपर-दिव्याच्या बायका उलट्या येऊन आधीच बसलेल्या असतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपल्यातले किती जण कल्याणला उलटे जाऊन बसून येतात ते सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी इंडिकेटरवर एस दिसलं की कर्जत, एन दिसलं की कसारा. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसांनी गर्दीच्या वेळी या गाड्या सोडाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला मागून कल्याण लोकल आहे, डोंबिवली लोकल आहे. कसाऱ्याच्या वाटेवरच्या आसनगावला जाणाऱ्या बाईची ती एक गाडी चुकली की घरी पोचेपर्यंत तिची पोरं झोपलेली असतात. "डोंबिवलीला एवढ्या गाड्या असताना इथे कशाला?" असं त्या करवादतात ते उगाच नाही.

डब्यातलं शिक्षण वेगळं. सॅक पुढे घ्यायची, ओढणी गाठ मारून बांधायची, केस वर. आत शिरलं की पहिलं काम, बसलेल्यांना कुठे उतरणार ते विचारायचं, "कुठे?" कुणी ठाणे म्हणाली की लगेच, "कुणाला सांगितलीय का?" नसेल सांगितली तर ती सीट आपली. मग ती आपल्याला मिळेपर्यंत दुसरी कुणी विचारायला आली तर ती आपल्याला सांगितलीय असं तिला सांगायचं. कुठे लिहिलेलं नाही, पण हा हिशोब सहसा कुणी मोडत नाही. तिघींच्या बाकावर चौथी टेकतेच. आणि घाटकोपरला उतरायचं तर फास्टमध्ये ठाणं सुटलं की सरकायला लागायचं. पुढचीच्या खांद्याला हात लावून "घाटकोपर?" विचारायचं, ती हो म्हणाली की तिच्या मागे गप्प उभं राहायचं. ती नाही म्हणाली तर जागा बदलून घ्यायची, ठाण्याच्या पुढेच, स्टेशन आल्यावर नाही. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हे आधी विचारून ठेवायचं.

भाचीने हे सगळं चार दिवसांत उचललं. अडलं ते एकाच गोष्टीवर. तिच्या ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला की लेटमार्क, आणि तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात. त्यामुळे ती फास्ट पकडून दारात उभी राहून जायला लागली. मला हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

मग मात्र मी तिला बसवून सांगितलं. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन झाल्यापासून आपल्या फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, मुंब्रा स्टेशनातून जातात. तिथे वळण आहे. ९ जून २०२५ ला सकाळी तिथेच दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लोंबकळणारी माणसं खाली पडली, काही गेलीच. ती माणसं काही मजा करायला लटकली नव्हती. त्यांनाही कुठेतरी वेळेत अंगठा लावायचा असणार.

त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा सुरू झाली. दारं हवीतच. एसी लोकलचं दार लागलं नाही तर गाडी हलत नाही, हे आपण बघतोच. पण बंद दाराबाहेर जी माणसं राहतील त्यांच्यासाठी गाड्या कुठून आणणार? मला वाटतं, अर्धी गर्दी रुळांवर नाही, मस्टरवर तयार होते. सगळ्यांना साडेनऊ-दहाच्या दरम्यान बोलवायचं आणि मग लोकलला शिव्या घालायच्या. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबई विभागाच्या मुख्यालयात ऑफिसच्या दोन वेळा करून पाहिल्या, काहींना साडेनऊ, काहींना साडेअकरा, आणि बाकीच्या ऑफिसांनाही तसं करायची विनंती केली. आमच्या ऑफिसात मी ते कात्रण साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. "बघू," म्हणाले. अजून बघताहेत.

भाचीने मात्र स्वतःच्या मॅनेजरला सरळ मेल केला, की साडेदहा ते सात चालेल का. उत्तर यायचंय. तोपर्यंत ती स्लोने जाते, आणि या महिन्यात तिचे दोन लेटमार्क झालेत.