चौथी बरणी आंबली, पण तुरटपणा हटेना

लफेत म्हणजे म्यानमारमधले आंबवलेल्या चहाच्या पानांचे लोणचे. ते वाळलेल्या ग्रीन टीपासून घरी करायच्या खटपटीत तिसऱ्या बरणीवर हिरवी बुरशी चढल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. काल, एकोणिसाव्या दिवशी, चौथी बरणी उघडली. बुरशीचा मागमूस नव्हता, वास मुरलेल्या लोणच्याच्या खारासारखा येत होता आणि पीएच पट्टीने ४ चा रंग दाखवला. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसा आंबट, आल्याशिवाय चव घ्यायची नाही, हा आपला नियम पाळून एक पान तोंडात टाकले. आधी सुरेख आंबटपणा जाणवला आणि लगेच कच्चे केळे चावल्यासारखी जीभ आकसली. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर लफेत आंबले खरे, पण ते खाता येईना.

हा पेच नवा नाही. वाळलेल्या ग्रीन टीची पाने भिजवून पिळली नाहीत तर ती तुरट राहतात, आणि तुरटपणा जाईपर्यंत पिळली तर आंबण्यासाठी लागणारी साखरही त्या पाण्याबरोबर वाहून जाते. शिवाय ही पाने कारखान्यात भाजून निघालेली असल्यामुळे त्यांच्यावर आंबवणारे लॅक्टिक जिवाणू जवळजवळ उरलेलेच नसतात. तिसऱ्या बरणीत मी पाने पाच वेळा धुतली होती. बुरशी त्यामुळेच आली, असे आता वाटते. चौथ्या वेळी दोनच पाणी केले, अडीच टक्के मीठ घातले, आंबवलेल्या कोबीचे चार चमचे पाणी विरजण म्हणून मिसळले आणि पाने खाराखाली बुडलेली राहावीत म्हणून वरून पाण्याची पिशवी ठेवली. पानांबद्दलही सांगायला हवे: टी बॅगमधला चुरा या कामाला निरुपयोगी आहे, आणि एका विक्रेत्याने ‘अख्खे पान’ म्हणून पाठवलेल्या पुड्यात निम्म्या काड्या निघाल्या. कांगड्याचे मोठे पान मात्र भिजल्यावर छान उलगडते.

रात्री जुनी टिपणे चाळताना एका ओळीवर अडखळलो. म्यानमारच्या उत्तर शान भागात, नाम्हसानच्या पलाउंग जमातीच्या गावांत, कोवळी पाने वाफवून, चोळून, बांबूच्या टोपल्यांत किंवा खड्ड्यांत वजनाखाली तीन-चार महिने दाबून ठेवतात, हे आपण सगळेच घोकून बसलो आहोत. पण बाहेर काढलेले लफेत धुऊन, हातांनी मळून, पिळून मगच त्यात तेल आणि लसूण घालतात, हे वाक्य मी आजवर केवळ स्वच्छतेची सूचना समजत होतो. धुणे आंबवण्याआधी नव्हे, नंतर करायचे असते!

लगेच वाटीभर पाने जुन्या पंच्यात बांधून कोमट पाण्यात मळली. पहिले पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस निघाले, दुसरे पिवळसर, आणि चौथ्या पिळणीला पंच्यातून जवळजवळ नितळ थेंब पडू लागले. आंबटपणा थोडा उतरला, तो लिंबाच्या रसाने भरून काढला. शेंगदाण्याचे तेल, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर तिखट लावून दोन तास ठेवल्यावर जीभ आकसली नाही. रंग शेवाळी-तपकिरी आला आहे आणि तो तसाच राहू द्यावा. २००९ साली म्यानमारमध्ये लफेतच्या अनेक ब्रँडांत ऑरामाइन-ओ हा बंदी असलेला रंग सापडल्यापासून भडक पाकिटांवर माझा विश्वास उरलेला नाही.

थोकसाठी, म्हणजे लफेतच्या कोशिंबिरीसाठी, तळलेला लसूण, भाजलेले तीळ, शेंगदाणे, सुका जवळा आणि सोललेले, कुरकुरीत तळलेले वाल घेतले. तिकडेही वाल तळून घालतात. आपल्या डाळिंब्या इथे अगदी घरच्यासारख्या बसल्या. फळांत आंबा, मांसांत डुकराचे आणि पानांत लफेत श्रेष्ठ, अशी ब्रह्मदेशात म्हण आहे. रत्नागिरीत १९१६ साली निधन पावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला त्यांतला आंबा तरी मनसोक्त मिळाला असेल.

पाचव्या बरणीसाठी निलगिरीहून ताजी पाने कुरियरने मागवायची ठरवली होती. पण खुडलेले पान काही तासांतच तांबूस पडू लागते, म्हणून ते त्याच दिवशी वाफवावे लागते; इथे पोहोचेपर्यंत त्याचा काळा चहाच व्हायचा. हे लिहितानाच सुचले, की कुन्नूरच्या परिचितांना पाने तिथेच पाच मिनिटे वाफवून, मीठ लावून पाठवायला सांगावे. तोवर शनिवारी कांगड्याचीच पाने एकही पाणी न करता भरतो. तुरटपणा पूर्ण आत राहू दे. तो पंच्यातून कसा काढायचा, हे आता समजले आहे.