भाऊबीज, डोंबिवली आणि दगडी हत्ती

दरवर्षी भाऊबीजेला आम्ही नाशिकहून डोंबिवलीला माझ्या भावाकडे जातो आणि ओवाळून झालं की पुढचे दोन दिवस मुलांची मुंबई. मुलं दसऱ्यापासून दिवस मोजत असतात. गेल्या वर्षी गेटवे, म्युझियम, तारांगण आणि चौपाटी असं सगळं एकाच दिवसात कोंबलं, आणि संध्याकाळी धाकटा फलाटावरच रडत रडत झोपून गेला. म्हणून यंदा त्यांच्या मामीनं आणि मी मिळून ठरवलं, दिवसाला एकच ठिकाण. आदल्या रात्री मामीनं मुलांना घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा बेटाच्या, दगडी हत्तीची गोष्ट सांगितली आणि तिथूनच दोन्ही दिवस जुळून आले.

आधी जाण्याबद्दल. आम्ही नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं कल्याणला उतरतो आणि तिथून लोकलनं डोंबिवली. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, दिवाळीचं लगेच भरतं, तेव्हा गणपतीतच तारीख ठरवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही पंचवटीच्या आरक्षित जागेचं पूर्ण भाडं पडतं. लोकलला मात्र अर्धं तिकीट चालतं.

शुक्रवारी घारापुरी. डोंबिवलीहून सकाळी सात ते दहा या वेळात मुलांना घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारही करू नका. आम्ही सहाच्या सुमाराला डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरली, सगळ्यांना बसायला मिळालं. सीएसएमटीला उतरल्यावर दहा मिनिटं थांबून मुलांना ती इमारत बाहेरून दाखवली. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि आपणही आत्ता ठाण्यावरूनच आलो, हे धाकट्याला फार आवडलं.

गेटवेहून लाँचला साधारण तास लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठा अपघात झाला होता. त्यामुळे मी लाइफ जॅकेट मागून घेतले, मुलांना चढल्या चढल्या घातले आणि उतरेपर्यंत काढू दिले नाहीत. तुम्हीही यात संकोच करू नका. मुलं उकडतंय म्हणून कुरकुरतात, कुरकुरू द्या.

धक्क्यावरून छोटी गाडी पायथ्यापर्यंत नेते. तिथून वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकानं, त्यामुळे चढण्यापेक्षा मुलांना पुढे सरकवण्यातच जास्त दम लागतो. माकडांना खाऊ पळवायची पक्की सवय आहे. माझ्या लेकीच्या हातातला चकलीचा पुडा एका माकडानं अलगद काढून नेला आणि ती घाबरून बराच वेळ मला चिकटून होती. खाऊ पिशवीत, पिशवी पाठीवर, आणि चेन बंद. लेण्यांचं तिकीट मोठ्यांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. सोमवारी लेणी बंद असतात.

आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ जातो. मग समोर ती तीन मुखांची मूर्ती दिसते, मोठ्या माणसाच्या तिप्पट उंच. एरवी एक क्षण गप्प न बसणारी चारही मुलं तिथे गप्प झाली. आम्ही गाइड घेतला नाही, अर्धनारीश्वर, रावणानं हलवलेला कैलास आणि शिवपार्वतीचं लग्न या गोष्टी मुलांना घरीच सांगून ठेवल्या होत्या. तुम्हीही सांगून न्या. मग मुलं मूर्ती स्वतः शोधतात. परतीची लाँच दोनच्या आत धरलीत तर सीएसएमटीला वडापाव खाऊनही संध्याकाळच्या गर्दीआधी घरी पोचता.

शनिवारी राणीची बाग. भायखळ्याला जलद लोकल थांबते आणि पूर्वेला उतरून बाग चालत दहा मिनिटांवर आहे. बुधवारी बंद असते, हे पक्कं लक्षात ठेवा. आई, वडील आणि दोन मुलं असं कुटुंबाचं एकत्र तिकीट मिळतं, ते मागून घ्या. पेंग्विनसमोरची रांग सकाळी कमी असते म्हणून आधी तिकडेच गेलो. थंडगार काचेला नाक लावून माझी तीन वर्षांची भाची तिथून हलेचना. बाकी प्राणी उन्हात झोपलेले असतात, ते भरभर उरकलं तरी चालतं. झाडांना मात्र वेळ द्या. जाडजूड बुंध्याच्या गोरखचिंचेखाली आम्ही डबे सोडले.

आणि शेवटी हत्ती. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उघड्यावर उभा आहे. घारापुरीच्या बेटावरचा हाच हत्ती पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि पुढे १९१४ मध्ये इथे पुन्हा जोडले. आदल्या दिवशी बेट पाहिलेलं असल्यामुळे मुलांना तो ओळखीचाच वाटला. धाकटा त्याच्याभोवती फिरून सांधे मोजत होता. "आई, याला परत बोटीनं घरी नेता नाही येणार का?" त्यानं विचारलं. मामी म्हणाली, पुढच्या भाऊबीजेला परत येऊन याला भेटू, आणि तेवढ्यावर तो भायखळ्यापर्यंत चालायला तयार झाला.